पोलीस कंत्राटावर, हद्द स्वतःची

दक्षिण कॅलिफोर्नियात मुलाकडे किंवा बहिणीकडे राहायला गेलेली मराठी मंडळी एकदा तरी आर्टीशियाला जातातच. पायोनियर बुलेव्हार्डवर साड्यांची दुकानं, मिठाई, डोसा, किराणा, सोनार, भुवया कोरून देणारी पार्लरं, सगळं एका रांगेत. तिथून गाडी काढली आणि दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे फिरवली, की सेरिटोस लागतं, मग लेकवुड, हवायन गार्डन्स, बेलफ्लॉवर, नॉरवॉक. मध्ये ना शेत ना माळरान. रस्ता तोच, घरंही तशीच, फक्त चौकातल्या पाटीवरचं नाव बदलतं. आपल्याला वाटतं ही लॉस एंजेलिसची उपनगरं असतील, मुंबईत अंधेरी-मालाड असतात तशी. पण यातलं प्रत्येक स्वतंत्र शहर आहे. प्रत्येकाचे नगरसेवक वेगळे, अंदाजपत्रक वेगळं, बांधकामाचे नियम वेगळे.

लॉस एंजेलिस काउंटीत अशी ८८ शहरं आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा. लोकवस्ती एक कोटीच्या आसपास. त्यात लॉस एंजेलिस शहर सगळ्यात मोठं, ३९ लाखांचं. मग लाँग बीचसारखं साडेचार लाखांचं, आर्टीशियासारखं सोळा हजारांचं आणि इंडस्ट्री नावाचं एक, जिथे २०२०च्या जनगणनेत २६४ माणसं मोजली गेली. कायद्यापुढे ही सगळी सारखीच शहरं. शिवाय दहा लाखांच्या घरात लोक असे आहेत जे कुठल्याच शहरात राहत नाहीत. त्यांच्या वस्त्यांचा कारभार थेट काउंटी बघते.

हा काय प्रकार आहे ते समजून घ्यायचं तर लेकवुडकडे बघावं. लेकवुडला पर्यटक जात नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही. साडेनऊ चौरस मैलांत ८२ हजार लोक, एकसारखी बैठी घरं, झाडांच्या रांगा आणि मधोमध एक मॉल. पण अमेरिकेतलं छोटं उपनगरी शहर कशाच्या जोरावर उभं राहतं, पैसा कुठून आणतं आणि कुणाला दाराबाहेर ठेवतं, हे इथे जितकं उघडं दिसतं तितकं दुसरीकडे क्वचित दिसतं. त्याचा जन्मच अगदी अलीकडचा आणि कागदोपत्री झालेला आहे.

दुसरं महायुद्ध संपेपर्यंत इथे शेतं होती. युद्धावरून परतलेले सैनिक, नवी लग्नं, घरांचा तुटवडा आणि जवळच लाँग बीचला डग्लस कंपनीचा विमानांचा प्रचंड कारखाना. लुई बॉयर, मार्क टेपर आणि बेन वाइनगार्ट या तिघा बिल्डरांनी साडेतीन हजार एकर जमीन घेतली आणि १९५० पासून तीन वर्षांच्या आत १७,५०० घरं बांधून काढली.

हे कसं जमलं ते बघण्यासारखं आहे. कारखान्यात वस्तू पट्ट्यावरून सरकते आणि कामगार जागच्या जागी उभा असतो. इथे घर जागेवर आणि कामगार सरकणारे. पायाचे चर खणणारी टोळी एका प्लॉटवरून पुढच्या प्लॉटवर गेली की मागून काँक्रीटवाले यायचे, त्यांच्या मागे लाकडी सांगाडा उभा करणारे, मग छपरावर कौलासारख्या लाकडी पट्ट्या ठोकणारे. त्या पट्ट्या वर चढवायलाही सरकता पट्टा लावलेला. काही दिवशी शंभर घरांचं काम एकाच दिवसात सुरू व्हायचं. प्लॉट पन्नास फूट बाय शंभर फूट, घर साधारण अकराशे चौरस फूट, किचनचा ओटा स्टेनलेस स्टीलचा आणि सिंकखाली ओला कचरा दळून वाहून नेणारं यंत्र. १९५०च्या एप्रिलमध्ये विक्री सुरू झाली त्या दिवशी पंचवीस हजार लोक नमुना घरं बघायला लोटले. किंमत आठ ते दहा हजार डॉलर. माजी सैनिकाला सरकारी हमीवर कर्ज मिळायचं आणि सुरुवातीची रक्कम भरावी लागायची नाही, त्यामुळे कारखान्यातल्या फिटरलाही घर परवडत होतं.

फिटर गोरा असेल तर. काळ्या कुटुंबांना घरं विकायची नाहीत, असले करार न्यायालयातून अंमलात आणता येणार नाहीत असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालीच दिला होता. पण विक्री कार्यालयातल्या माणसाने समोरच्याला हसून वाटेला लावायला करार लागत नाही. लेकवुड जन्मलं ते जवळपास संपूर्ण गोरं. आज ते तसं राहिलेलं नाही; लॅटिनो, आशियाई, काळे, गोरे असं मिश्र गाव आहे. पण सुरुवातीची ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे हद्द आखण्याची घाई का झाली याचा एक धागा तिथपर्यंत जातो.

तर १९५३ साली परिस्थिती अशी: सत्तर हजारांच्या घरात लोक, शहर मात्र नाही. रस्ते काउंटीचे, पोलीस काउंटीचे. मधोमध नवंकोरं लेकवुड सेंटर, तेव्हाच्या मोठ्या मॉलपैकी एक. आणि शेजारचं लाँग बीच या सगळ्याकडे डोळे लावून बसलेलं. मॉल आणि घरं आपल्या हद्दीत आली तर कर आपल्याला. लाँग बीचने डाव चांगला टाकला होता. पूर्ण लेकवुडला एकदम कौल विचारला तर नकार येईल, म्हणून तुकडे पाडून एकेका तुकड्यात मतदान घ्यायचं, आणि जो तुकडा हो म्हणेल तो खिशात घालायचा. काही तुकडे गेलेही. आजही लाँग बीचमध्ये लेकवुड व्हिलेज नावाचा भाग आहे, जो लेकवुडमध्ये नाही. नव्या माणसाचा तिथे हमखास गोंधळ उडतो.

विरोध करणाऱ्यांपुढे प्रश्न पैशांचा होता. स्वतःचं शहर व्हायचं तर पोलीस ठाणं हवं, रस्ते खात्याची यंत्रं हवीत, बांधकाम निरीक्षक हवेत, कारकून हवेत, त्या सगळ्यांचं पेन्शन हवं. नव्या घराचे हप्ते फेडणाऱ्या लोकांवर एवढा कर लादणं शक्य नव्हतं. तेव्हा एक तोडगा निघाला. शहर व्हायचं, पण खाती उभारायचीच नाहीत. काउंटी आजवर ज्या सेवा देतेय त्याच तिने यापुढेही द्याव्यात. फरक इतकाच की आता शहर करार करून त्याचे पैसे मोजेल. घर आपलं, स्वयंपाकघर नाही, डबा बाहेरून लावायचा. आवडला नाही तर डबेवाला बदलायचा.

मार्च १९५४ मध्ये मतदान झालं. दहातल्या सहा जणांनी होकार दिला आणि १६ एप्रिलपासून लेकवुड शहर झालं. एका फटक्यात एवढ्या मोठ्या वस्तीने शहर व्हायची देशातली ती पहिलीच वेळ. या व्यवस्थेला पुढे 'लेकवुड प्लॅन' हेच नाव पडलं, आणि सार्वजनिक प्रशासन शिकणारी अमेरिकन पोरं आजही ते पाठ करतात.

काउंटीने हे का मान्य केलं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण खरी गोम तिथेच आहे. लाँग बीचने लेकवुड गिळलं असतं तर तिथलं शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाचं, काम गेलं असतं, रस्ते खात्याचं काम गेलं असतं, पर्यायाने माणसं कमी करावी लागली असती. करार झाला तर गिऱ्हाईक टिकत होतं. शेरीफला आपली चौकी चालू ठेवायची होती, रहिवाशांना आपली हद्द हवी होती, बिल्डरांना वस्तीचा भाव टिकवायचा होता. सगळ्यांचं जमलं.

मग राज्याच्या एका कायद्याने या गाडीला इंधन पुरवलं. १९५६ पासून कॅलिफोर्नियात नियम झाला की विक्रीकरातला, वस्तूच्या किमतीच्या एक टक्का एवढा वाटा, जिथे वस्तू विकली गेली त्या शहराला परत मिळेल. म्हणजे हद्दीत एखादं मोठं दुकान असलं की घरपट्टी न लावताही शहर चालवता येतं. पुढच्या सात-आठ वर्षांत या काउंटीत दोन डझनांहून जास्त नवी शहरं उगवली आणि जवळजवळ सगळ्यांनी लेकवुडचाच कित्ता गिरवला.

डब्याचा हिशेब कसा होतो तेही बघू. शहर शेरीफकडून 'सुरक्षा' विकत घेत नाही, गाडीचे तास विकत घेतं. एक डेप्युटी (शेरीफचा पोलीस), एक गस्तीची गाडी, रोज आठ तास, आठवड्याचे सात दिवस: झालं छप्पन्न तासांचं एक युनिट. युनिटचा वर्षाचा दर काउंटी ठरवते. कुणाला चाळीस तासांचं पुरतं, कुणी जादा घेतो. शाळा सुटताना वाहतुकीला माणूस हवा, त्याचा दर वेगळा. वर दायित्व निधीचा अधिभार, म्हणजे शेरीफच्या माणसांवर जे खटले होतात त्यांच्या भरपाईसाठीची वर्गणी. तो अलीकडे दहा टक्क्यांच्या वर गेलाय. लेकवुडमधलं ठाणं एकटं लेकवुड सांभाळत नाही. आर्टीशिया, बेलफ्लॉवर, हवायन गार्डन्स आणि पॅरामाउंटही त्याच्याकडेच. सेरिटोसला मात्र स्वतंत्र ठाणं आहे, पण माणसं शेरीफचीच. दर वाढले की पाची शहरं कुरकुरतात, अधूनमधून स्वतःचे पोलीस ठेवायची भाषा करतात, खर्चाचा अंदाज मागवतात आणि मुकाट्याने करार पुन्हा सही करतात.

ज्या जुन्या शहरांचे स्वतःचे पोलीस होते त्यांनी आरडाओरडा केला. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही काउंटीचा करही भरतो आणि आमच्या पोलिसांचाही खर्च करतो, आणि ही नवी शहरं काउंटीच्या मुख्यालयाचा, तुरुंगाचा, प्रशिक्षणाचा खर्च न देता फक्त गस्तीचे पैसे मोजतात. मुद्दा बिनतोड होता. पण १९७३ साली राज्याने कायदाच केला, की काउंटीला जो सर्वसाधारण खर्च एरवीही करावाच लागला असता तो करारातल्या शहरांच्या बिलात घालता येणार नाही. तो कायदा जो गोन्साल्विस या आमदाराच्या नावाने ओळखला जातो. ते पूर्वी इथल्याच डेअरी व्हॅलीचे (आजच्या सेरिटोसचे) महापौर होते. आडनाव वाचून गोवा आठवेल. या भागात पोर्तुगीज गवळ्यांची मोठी वस्ती होती, त्यातली बहुतेक मंडळी अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरून आलेली. आर्टीशियात त्यांचा सभामंडप आणि त्यांचा वार्षिक उत्सव अजून आहे, साडीच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर.

आता असं विचाराल, की पोलीस काउंटीचे, अग्निशमन दल काउंटीचं, लेकवुडचं ग्रंथालयही काउंटीचं, कचरा खासगी कंपनी उचलते, तर मग शहराकडे राहिलं काय? बागा आणि मैदानं आहेत, त्यांचा लेकवुडला अभिमान आहे. पण सगळ्यात मोठी वस्तू हाती राहिली ती म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं हे ठरवायचा अधिकार. इथे फक्त एका कुटुंबाचं घर, तिथे दुकान, अपार्टमेंट नकोच. सगळा आटापिटा त्यासाठी होता. सेवा तर शहर न होताही मिळत होत्या.

हे एकदा ध्यानात आलं की आजूबाजूच्या शहरांच्या विचित्र गोष्टी उलगडतात. सिग्नल हिल हे चारही बाजूंनी लाँग बीचने वेढलेलं छोटंसं शहर. १९२१ साली टेकडीवर तेल सापडलं, लाँग बीचने पिंपामागे कर लावायचा घाट घातला आणि १९२४ मध्ये टेकडी वेगळं शहर होऊन बसली. डेअरी व्हॅली १९५६ साली शहर झालं ते गाईंसाठी: तिथे माणसांपेक्षा गाई कितीतरी जास्त होत्या, आणि नव्या वसाहतींमधले लोक शेणाच्या वासाची तक्रार करायला लागले होते, जमिनीवरचा करही चढत होता. गवळ्यांनी हद्द आखून घरबांधणीला बंदी केली. दहाएक वर्षांनी जमिनीचे भाव इतके वाढले की त्याच गवळ्यांनी घरबांधणीला परवानगी दिली, जमिनी विकल्या आणि गाई घेऊन चिनोच्या दिशेने गेले. डेअरी व्हॅलीचं नाव १९६७ मध्ये सेरिटोस झालं. शेजारी ऑरेंज काउंटीतलं ला पाल्मा म्हणजे पूर्वीचं डेअरीलँड, आणि सायप्रस म्हणजे डेअरी सिटी.

इंडस्ट्रीची गोष्ट तर चावडीवर सांगण्यासारखी आहे. रेल्वेच्या रुळांलगतची लांबट पट्टी, तिच्यावर कारखाने आणि गोदामं. कारखानदारांना शेजारच्या वस्त्यांच्या कटकटीपासून आणि करांपासून सुटका हवी होती. पण शहर व्हायला कायद्याने पाचशे रहिवासी लागत. ते भरेनात. तेव्हा हद्दीतल्या एका मनोरुग्णालयातले १६९ रुग्ण आणि ३१ कर्मचारी धरून आकडा जुळवला आणि १९५७ साली शहर झालं. हवायन गार्डन्स, लेकवुडला चिकटून, एक चौरस मैलाच्या आत. तिथे पत्त्यांचा कॅसिनो आहे आणि शहराच्या तिजोरीचा मोठा भाग त्याच्यावर चालतो.

हा सपाटा थांबवायला राज्याने १९६३ साली प्रत्येक काउंटीत एक आयोग नेमला. नवं शहर होऊ शकतं का, कुणी कुणाची हद्द घ्यावी, हे तो तपासतो. त्यानंतर वेग मंदावला. या काउंटीतलं शेवटचं, अठ्ठ्याऐंशीवं शहर कॅलबॅसस, १९९१ सालचं.

पैशांचं गणित १९७८ मध्ये पुरतं बदललं. त्या जूनमध्ये मतदारांनी थेट मतदानाने प्रपोझिशन १३ नावाचा नियम मंजूर केला. घरपट्टी नोंदलेल्या किमतीच्या एक टक्का, आणि घर विकलं जात नाही तोवर ती नोंदलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढणार. समजा लेकवुडमध्ये शेजारी-शेजारी दोन सारखी घरं आहेत. एकातल्या आजींचं घर १९७५ साली चाळीस हजार डॉलरचं धरलं होतं. दोन टक्क्यांनी पन्नास वर्षं वाढत ते आज कागदावर एक लाख आठ हजारांच्या आसपास आलं. घरपट्टी सुमारे अकराशे डॉलर. दुसऱ्यातल्या जोडप्याने परवा ते आठ लाखांना घेतलं. घरपट्टी आठ हजार. रस्ता एक, गटार एक, कर सातपट.

आणि तो सगळा कर शहराला मिळतही नाही. शाळा, काउंटी, अग्निशमन, ग्रंथालय असे वाटेकरी असतात. १९७८ आधी ज्या शहरांनी घरपट्टी लावलीच नव्हती त्यांच्या वाट्याला काहीच येईना. पुढे राज्याने त्यांना डॉलरमागे सात सेंटांच्या आसपास मिळतील अशी तजवीज केली. म्हणजे त्या नव्या जोडप्याच्या आठ हजारांतून शहराला साडेपाचशे-साठ डॉलर, आजींच्या घरातून पंचाहत्तर. तेवढ्यात वर्षभर गस्त, दिवाबत्ती, बागा. याउलट हद्दीतल्या शोरूममध्ये चाळीस हजारांची एक मोटार विकली गेली, की शहराला चारशे डॉलर. मोटार घेणारा दुसऱ्या गावचा असला तरी चालतं, किंबहुना तोच जास्त बरा, कारण त्याच्या मुलांना इथलं मैदान लागत नाही.

सेरिटोसने हे गणित सगळ्यांआधी पाठ केलं. त्यांनी मोटारींच्या शोरूमची अख्खी वसाहतच वसवली, सेरिटोस ऑटो स्क्वेअर, हमरस्त्याला लागून. मोठा मॉलही त्यांच्याच हद्दीत. त्या पैशातून त्यांनी १९९३ मध्ये नाट्यगृह उभारलं आणि २००२ मध्ये टायटॅनियमचे पत्रे मढवलेलं ग्रंथालय, आत प्रचंड मत्स्यालयासकट. हद्दीच्या आतल्याला कार्ड फुकट, बाहेरच्याकडून वर्षाचे शंभर डॉलर. आर्टीशिया हे जवळपास सेरिटोसच्या पोटातलं गाव. तिथल्या मुलाला फुकट हवं असेल तर त्याने काउंटीच्या छोट्या ग्रंथालयात जावं. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेचा स्वभाव त्या शंभर डॉलरमध्ये कळतो. सेरिटोसने काहीच गैर केलेलं नाही, आणि तरीही.

यामुळेच या भागातल्या छोट्या शहरांना घरं नको असतात आणि दुकानं हवी असतात. कॅलिफोर्नियात घरांची एवढी टंचाई का, याची कारणं बरीच आहेत, पण हे त्यातलं एक ठोस कारण. मॉलचे बरे दिवस सरले आणि लोक घरबसल्या मागवू लागले तसे दुकानांवर विसंबलेले हिशेबही डळमळले. २०२० मध्ये लेकवुडच्या मतदारांनी स्वतःवरच पाऊण टक्का जादा विक्रीकर लावून घेतला.

कारभार कोण करतं? लेकवुडमध्ये पाच नगरसेवक, अर्धवेळ काम, माफक मानधन. महापौर त्यांच्यातलाच, आळीपाळीने वर्षभरासाठी. रोजचा गाडा हाकतो तो शहर व्यवस्थापक. आपल्याकडे महापालिका आयुक्ताला सरकार पाठवतं; इथे व्यवस्थापकाला नगरसेवकच नेमतात आणि नको झाला तर काढतात. बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, आणि कुणीही उठून बोलू शकतो, बहुधा तीन मिनिटं. छोट्या शहराचं जे खरं सुख सांगतात ते हेच: झाड तोडलं म्हणून भांडायला गेलेल्या बाईचं ऐकायला पाचही नगरसेवक समोर बसलेले असतात. लॉस एंजेलिस शहरात एक नगरसेवक अडीच लाखांच्या वर लोकांमागे असतो.

मात्र ऐकायला कुणी आलंच नाही तर काय होतं ते बेलने दाखवलं. बेल हे लेकवुडच्या उत्तरेचं, अडीच चौरस मैलांचं, पस्तीस हजार वस्तीचं गरीब, स्थलांतरित कष्टकऱ्यांचं शहर. राज्याच्या कायद्याने नगरसेवकांच्या मानधनावर मर्यादा असते, पण शहराने स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची स्वतःची नियमावली, घेतली तर तिच्यातून वाट काढता येते. २००५ साली तशी सनद घ्यायला बेलमध्ये मतदान ठेवलं. चारशेही लोक फिरकले नाहीत. सनद मंजूर. २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने उघड केलं की शहर व्यवस्थापक रॉबर्ट रिझो वर्षाला जवळपास आठ लाख डॉलर पगार घेतोय आणि अर्धवेळ नगरसेवक लाखाच्या आसपास. २०१४ मध्ये रिझोला बारा वर्षांची शिक्षा झाली. त्यात एक उपकथा: शेजारच्या मेवूडचा विमा रद्द झाला होता, पोलिसांवरच्या खटल्यांमुळे. २०१० च्या जुलैपासून त्या शहराने आपले सगळे कर्मचारी कमी केले, पोलिसांचं काम शेरीफला दिलं आणि कार्यालयाचं काम कंत्राटावर सोपवलं ते नेमकं बेलकडे. त्याच महिन्यात बेलचा घोटाळा बाहेर आला.

हद्द एकच असते असंही समजू नका. लेकवुडची मुलं चार वेगवेगळ्या शालेय जिल्ह्यांत (शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र संस्थांत) विभागलेली आहेत, रस्त्याच्या या बाजूला एक, त्या बाजूला दुसरा. आणि शाळांच्या कारभारात शहराला शून्य अधिकार. सांडपाण्याचं मंडळ वेगळं, दुरून पाणी आणणारी संस्था वेगळी. रहिवाशाला यातलं काही माहीत नसतं. तो सगळ्याच तक्रारी घेऊन नगरसेवकाकडे जातो, आणि नगरसेवक त्याला फोन नंबर देतो.

आणि ज्यांना हद्दच मिळाली नाही ते? ईस्ट लॉस एंजेलिस ही सव्वा लाखाच्या आसपास लोकांची, प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती. अनेकदा प्रयत्न करूनही ती शहर झाली नाही; २०१२ साली आयोगाने, विक्रीकराचं उत्पन्न पुरणार नाही या कारणाने, पुन्हा नकार दिला. तिच्या भोवतालच्या दुकानं-कारखान्यांच्या पट्ट्या आधीच इतरांनी आपापल्या हद्दीत ओढल्या होत्या. तिच्या शेजारचं कॉमर्स शहर १९६० सालचं, कारखान्यांनी भरलेलं. ईस्ट लॉस एंजेलिसचा प्रतिनिधी म्हणजे काउंटीचा एक सुपरवायझर, काउंटीच्या मंडळावर निवडून आलेला सदस्य, जो वीस लाख लोकांमागे एक असतो. झाडाची तक्रार तिथपर्यंत पोचवून बघावी.

गेल्या काही वर्षांत मात्र राज्याने या शहरांच्या मुख्य अधिकारालाच हात घातला आहे. प्रत्येक शहराला अमुक घरांसाठी जागा दाखवा असा आकडा ठरवून दिला जातो. २०२२ पासून लागू झालेल्या एका कायद्याने एका कुटुंबाच्या प्लॉटवर दोन घरं बांधायची आणि प्लॉटचे दोन भाग करायची वाट उघडली. काही शहरं त्याविरुद्ध न्यायालयात गेली. आर्टीशियात पायोनियर बुलेव्हार्डजवळ नव्या रेल्वेमार्गाचं शेवटचं स्टेशन होणार आहे, त्याचा निर्णय काउंटीच्या वाहतूक संस्थेचा. आणि मागच्या अंगणात किंवा गॅरेजमध्ये स्वतंत्र छोटं घर करायला अर्ज आला, तर नियमात बसणारा अर्ज शहराने साठ दिवसांत निकाली काढायचा, सुनावणी न घेता. लेकवुडच्या पन्नास फुटी प्लॉटवर आता जागोजाग अशी घरं दिसतात. कुणाकडे भाडेकरू, कुणाकडे आई-वडील. शेजाऱ्याला ते नको असेल तर तो बैठकीला येतो, त्याची तीन मिनिटं बोलतो, आणि नगरसेवक त्याला सांगतात की यावर मतदान करायचा अधिकार आम्हाला नाही, आम्ही फक्त उंची आणि कुंपणापासूनचे चार फूट मोजू शकतो.